बनातल्या जिवांनी कुठे जावे

बेंबळीकडे जाणारा रस्ता आमच्या गावाच्या उत्तरेस जिथे उतारावरून खाली वळतो, तिथे देवीचे बन आहे. ते काही मोठे अरण्य नव्हे. एका टोकाला उभे राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जावी, एवढाच त्याचा विस्तार. चिंचा, निंब, धावडा, पळस, काही हिवर आणि पश्चिमेच्या अंगाला एक म्हातारा वड. भोवतालची जमीन सोयाबीन आणि तुरीसाठी थेट बनाच्या कडेपर्यंत नांगरलेली असल्यामुळे, उघड्या रानात कोणी घोंगडे टाकून विसरून गेला असावा, तसे ते दुरून दिसते.

आत देवीचा तांदळा आहे, म्हणजे शेंदूर माखलेली बिनघडीव शिळा. तिच्यावर छप्पर नाही, कळस नाही. तिची पूजा आमच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. या बनाचा एकच नियम मला बालपणापासून शिकवला गेला: बनात जे पडते ते बनाचेच. वाळलेली काडीसुद्धा कोणी बाहेर न्यायची नाही. होळीसाठी नाही, चुलीसाठी नाही. देवीचा नैवेद्य शिजवायलाही सरपण बाहेरून आणायचे. वाऱ्याने झाड पडले तर ते जिथे पडले तिथेच झिजून मातीत जायचे. या नियमाचे कारण मी वडिलांना कधी विचारले नाही आणि त्यांनीही ते कधी सांगितले नाही.

धाराशिवच्या एका शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो आणि पत्नीसह गावी परतलो, ते या पूजेसाठी. बनाच्या कडेला दोन खोल्या बांधल्या. तीन वर्षांपूर्वी पत्नी गेली. मुलगा पुण्याला असतो. रविवारी त्याचा फोन येतो. दोन माणसांचा स्वयंपाक करण्याची माझ्या हाताची सवय मात्र अजून गेलेली नाही. पिठाचा अंदाज दरवेळी चुकतो आणि एक भाकरी उरते. ती मी बनात नेऊन, वळवाच्या वाऱ्यात आडव्या झालेल्या जुन्या चिंचेच्या बुंध्यावर कुस्करून ठेवतो. ही चिंच पडली तेव्हा पत्नी होती. पोकळ बुंध्यातून खारींची ये-जा पाहून ती म्हणाली होती, "पडली म्हणून काय झालं, हिचं घर अजून चालू आहे की."

गावात मला मान आहे, परंतु माझे काम उरलेले नाही. लग्ने धाराशिवच्या कार्यालयांत लागतात. सत्यनारायणाची पोथी आता मोबाइलच वाचून दाखवतो. माझ्या दाराशी कोणी थांबले, तर बहुधा रस्ता विचारायला.

म्हणून दोन वर्षांपूर्वी माघात जीप दाराशी थांबली तेव्हा मी आधी उठलोच नाही. जीप आमच्याच गावातल्या एकाची. एरवी तो लोहाऱ्याच्या रस्त्यावर वडापची, म्हणजे दर सीटला भाडे देणारी, माणसे भरतो. आतून पन्नाशीच्या एक बाई उतरल्या. गुडघे दुखत असावेत, कारण जमिनीवर पाय टेकताना त्यांनी जीपचे दार दोन्ही हातांनी धरले.

"गुरुजी," जीपवाला ओरडला, "ह्या बाई झाडांची मापं घेत्यात. देवी झाडास्नी झंपर शिवायली बहुतेक!"

बाई स्वतःच मोठ्याने हसल्या आणि मग मला नमस्कार करून त्यांनी नीट सांगितले. त्या एका संशोधन संस्थेत काम करीत. झाडे हवेतला कर्बवायू घेऊन तो लाकडात आणि मातीत साठवतात. तोच जंगल तोडून शेत केले, शेत मोडून घरे केली, की पुन्हा हवेत जातो. कुठे किती साठले आणि कुठून किती सुटले, याचे मोजमाप त्या जिल्ह्याजिल्ह्यांतून करीत हिंडत होत्या. हवा तापते त्याला गाड्यांचा आणि कारखान्यांचा धूर जसा कारण, तशी जमिनीची ही उलथापालथही कारण आहे, असे त्या म्हणाल्या.

मी परवानगी दिली. एकच अट घातली, की फांदी मोडायची नाही आणि पडलेले काही न्यायचे नाही. त्यावर त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले.

"पडलेलं कोणीच नेत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"आमच्या स्मरणाच्या आधीपासून."

त्या आनंदल्या. छातीच्या उंचीवर एकेका बुंध्याला फीत गुंडाळीत त्या फिरल्या, आणि माझ्या आडव्या चिंचेपाशी आल्यावर तर खालीच बसल्या. मी विचारले, "मेलेलं झाडही मोजता?"

"गुरुजी, बाकी सगळीकडं हे मिळतच नाही. लोक आधी हेच उचलून नेतात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन खड्डे खणविले. एक बनात, एक बनाला लागून असलेल्या सोयाबीनच्या रिकाम्या शेतात. दोन्ही खड्ड्यांमधले अंतर जेमतेम एका अंगणाएवढे असेल. बनातली माती काळी, भुसभुशीत, ओल्या सुपारीसारख्या वासाची होती. शेतातली फिकट, ढेकळांची. हातात घेतली तर तिचा वासच येईना. बाई म्हणाल्या, "हे शेतही कधीतरी बनच असणार. नांगर लागला की मातीत साठलेलं हळूहळू वर उडून जातं. दिसत नाही, एवढंच." मला आठवले, की वडील सांगत, त्यांच्या आजोबांच्या वेळी बन थेट ओढ्यापर्यंत होते. तेवढे सारे रान कुठे गेले, असा प्रश्न मला पूर्वी पडला नव्हता. ते नाहीसे झाले, असेच मी समजत आलो होतो. ते आमच्या डोक्यावरच्या आकाशात गेले, हे प्रथमच कळले. त्यानंतर संध्यावंदनाला वर पाहताना काही दिवस मला अवघडल्यासारखे होई.

त्या रोज धाराशिवाहून येत. दुपारी मी पिठले-भाकरी करी, शेंगाची चटणी असे. पिठाचा अंदाज त्या दिवसांत बरोबर येई. मी त्यांना धातूंची रूपे सांगावीत असे नाही, परंतु एखाद्या झाडाचे जुने नाव, त्या नावामागचा अर्थ त्या आवडीने विचारीत आणि मी सविस्तर सांगे. इतके बोलण्याची सवय गेल्यामुळे संध्याकाळी माझा घसा दुखे. मी विचारले, की सरकार इतकी रोपे लावते, त्याने हे भरून निघत नाही का? त्या म्हणाल्या, "रोपं लावावीतच. पण ती उद्याच्या हिशेबात धरायची, आजच्या नाही. ह्या धावड्यानं जे धरून ठेवलंय ते रोपाला जमायला तुमचा-माझा जन्म पुरायचा नाही. आणि ह्याला तोडून पेटवलं, तर ते एका दुपारीत जातं."

शेवटच्या दिवशी निघताना त्यांनी विचारले, "इथं एकटेच राहता?"

"बन आहे," मी म्हणालो. हे उत्तर खरे होते, पण पुरे नव्हते. जीप वळणावरून दिसेनाशी झाली तरी मी ओसरीवर उभा होतो.

फाल्गुनात मंडळी आली. देवीच्या कमिटीचे अध्यक्ष, त्यांच्याबरोबर चार-सहा माणसे आणि मागून तो जीपवाला. माझ्या ओसरीवर इतकी माणसे पत्नीच्या तेराव्यानंतर बसली नव्हती. मी चहा टाकला. साखर कमी पडते की काय, या धास्तीने माझे हात घाईघाईने चालू लागले.

"गुरुजी, लई दिवसांनी आलो, माफी असावी," अध्यक्ष म्हणाले. ते गावातले मोठे बागाईतदार. स्वभावाने सरळ माणूस. "काम देवीचंच हाय. आईला असं उघड्यावर किती दिवस ठेवायचं? सभामंडप बांधायचा म्हणतोय. खाली फरशी, बाजूला गाड्या लावायला जागा. चैताच्या जत्रंला मागच्या साली माझी म्हातारी बनाच्या भाईर रांगंत उन्हात चक्कर येऊन पडली. म्हाताऱ्या माणसास्नी सावली नगं व्हय?"

"त्यासाठी झाडे?"

"तांदळ्याच्या भवतीची काढावी लागत्याल. निम्मं बन राहतंयच की."

"म्हंजी सावलीसाठी झाडं तोडायची," जीपवाला चहाची बशी तोंडाशी नेत म्हणाला. "पाय कापून चप्पल घ्यायची."

"तू गप रे. तुझ्याच जीपला जागा करायलोय."

सगळे हसले, मीही हसलो. त्यांच्या मनात देवीविषयी काडीचीही अनास्था नव्हती, हे मला ठाऊक होते. म्हणूनच तर ते माझ्याकडे आले होते. देवीचे झाड गडी लावून परस्पर तोडायला गावात कोणी धजावत नाही. आधी क्षमायाचनेचा विधी व्हावा लागतो आणि तो विधी आता माझ्याखेरीज कोणाला येत नाही. वडिलांनी तो माझ्यासमोर एकदाच केला होता. एक निंब तांदळ्यावर कलला होता. तो उतरवला, आणि त्याचे लाकूडही तिथेच ठेवले.

या विधीचा गाभा सोपा आहे. झाडावर वस्ती करून असणाऱ्या सर्व जिवांना, दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या, नमस्कार करायचा, त्यांच्यापुढे दहीभात ठेवायचा आणि विनवायचे, की तुम्ही हे घर सोडा. मात्र आमच्या घराण्याच्या पद्धतीत विनवणी तिथे संपत नाही. कुठे जा, तेही सांगावे लागते. जागा तिथून डोळ्यांना दिसणारी हवी आणि तिथे जुने झाड हवे. वडिलांनी पश्चिमेच्या वडाकडे हात दाखवला होता.

"मी त्यांना कुठे जायला सांगू?" मी विचारले.

"कुणाला?"

"झाडांवर राहतात त्यांना. एक-दोन झाडांची गोष्ट असती तर वड होता. निम्म्या बनाला वड पुरायचा नाही."

अध्यक्षांनी थोडा विचार केला. "गायरानात रोपं लावलीत की गावानं. तिकडं सांगा. अजून दसपट लावू."

"रोपं कुठंयत?" जीपवाला म्हणाला. "नुसत्या जाळ्या उभ्या हायत. पाखरू बसलं तर जाळीतच अडकंल."

"गुरुजी," अध्यक्ष पुढे सरकून, अगदी आदराने म्हणाले, "तुमी म्हणा की कायतरी. आम्हाला कुठं संस्कृत कळतंय."

त्यात उपहास नव्हता. उलट माझी अडचण सोडवावी, हाच हेतू होता. मग ते म्हणाले, की मंडप झाला की रोज संध्याकाळी माझे प्रवचन ठेवू. बसायला आसन, बोलायला माईक. बाया-माणसे ऐकायला येतील. हे आमिष म्हणून ते बोलले नाहीत. त्यांच्या मनात तसे खरोखरच होते. मी उद्या सकाळी सांगतो म्हणालो. काम संपल्यावरही मंडळी उठली नाहीत. हरभरा, उसाची तोड, कोणाच्या तरी मुलाचे लग्न, असे बराच वेळ चालले. मी फारसे बोललो नाही, पण मध्ये बसून होतो. ते गेल्यावर ओसरीवरच्या कपबशा मी लगेच आवरल्या नाहीत.

तो रविवार होता. मुलाचा फोन आला. तो नेहमीप्रमाणे म्हणाला, "बाबा, आता पुरे झालं. इकडे या. खोली तयार आहे तुमची."

"मी तिथे करू काय?"

"काही करायचं नाही. आराम करायचा."

मुलगा गुणी आहे. सून मायाळू आहे. त्या खोलीत मी राहून आलो आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात आणि त्यांतल्या माणसांना आपण दिसतो, असे सारखे वाटत राहते. जागा चांगली आहे. परंतु कोणी मला प्रेमाने नमस्कार करून, पुढे दहीभात ठेवून, तिकडे जा म्हणाले, तर माझे काय होईल हे मला त्या संध्याकाळी लख्ख दिसले.

तरीही मी सकाळी स्नान करून निघालो. खोटे कशाला लिहू, मी विधी करणार होतो. रात्रीतून मनाची समजूत घातली होती, की वड आहे, गायरान आहे, देवी सांभाळून घेईल. मंडळी बनाच्या कडेला जमली होती. अध्यक्षांनी आपल्या आईला खुर्चीवर बसवून आणले होते. गडी कुऱ्हाडी घेऊन बनाच्या बाहेर, चपला काढून उभे होते.

मी संकल्प केला. अक्षता वाहिल्या, दहीभात ठेवला. पक्ष्यांना, सापांना, मुंग्यांना, वाळवीला, जे कोणी अदृश्य असतील त्यांना नमस्कार केला. आवाज चांगला लागला होता. हे घर सोडा, असे म्हणण्यापर्यंत मी आलो आणि पुढचे ठिकाण दाखवण्यासाठी हात उचलला.

दक्षिणेस नांगरलेले शेत, पूर्वेस ऊस. उत्तरेकडे उतारावर काचेच्या सौर तक्त्यांच्या रांगा उन्हात चमकत होत्या. पश्चिमेस एकटा वड आणि त्याच्या पलीकडे गायरानातल्या त्या रिकाम्या जाळ्या. संस्कृत फार उदार भाषा आहे. कोणतेही वन, कोणताही पर्वत मी त्या वाक्यात बसवू शकलो असतो. छंदही बिघडला नसता. उभ्या असलेल्यांपैकी एकालाही ते कळले नसते. पण ज्यांना मी विनवीत होतो, त्यांची समजूत मी काय घालणार होतो? हात तसाच वर राहिला. चिंचेच्या बुंध्यावरून एक खार उतरली आणि ठेवलेल्या भाताकडे पाहत थांबली.

"गुरुजी," अध्यक्ष मागून हळूच म्हणाले, "इसरलात का?"

"नाही. ठिकाण सापडत नाही."

मी हात खाली घेतला. मग सगळ्यांना कळावे म्हणून मराठीतच बोललो, की यांना इथून जा असे मी सांगितलेले नाही आणि मला सांगता येणार नाही. विधी अपुरा आहे. दहीभात मात्र परत घेतला नाही. ठेवलेले परत घेत नाहीत.

अध्यक्षांचा आवाज चढला. "मग आमच्या म्हाताऱ्या उन्हात मरू द्याच्या व्हय?"

"बनात सावली आहे. त्यांना आत बसवू."

"त्या पडलेल्या लाकडांत? सापात? तिथं आईला बसवू मी?"

खुर्चीवरच्या म्हातारबाईंनी पदर डोळ्यांवर ओढला होता. ऊन होते म्हणून की आणखी कशाने, मला समजले नाही. गडी एकमेकांकडे पाहत होते. अपुऱ्या विधीवर घाव घालायला त्यांच्यातला एकही पुढे आला नाही. थोड्या वेळाने त्यांनी चपला घातल्या आणि ते निघून गेले.

मंडप झाला. अध्यक्षांनी रस्त्याकडेची स्वतःची जागा दिली. तिथे देवीची संगमरवरी मूर्ती बसली, फरशी झाली, वर पत्रा चढला. धाराशिवाहून एक तरुण पुरोहित मोटारसायकलवर येतो. त्याचे उच्चार चांगले आहेत. चैत्राची जत्रा आता तिथेच भरते. लोक बनातही येतात, तांदळ्यापुढे नारळ फोडतात आणि मला लवून नमस्कार करून लगेच परततात. कोणी एका शब्दाने दुखवत नाही. भांडले असते, तर थोडा वेळ थांबले तरी असते.

त्याच वैशाखात मापे घेणाऱ्या बाईंचा फोन आला होता. मातीची तपासणी झाली होती. वर दिसणाऱ्या झाडांत जेवढे साठले आहे, त्याहून अधिक खालच्या मातीत आहे, असे त्या उत्साहाने सांगत होत्या. पडलेले उचलायचे नाही हा नियम ज्यांनी घालून दिला, त्यांना साष्टांग नमस्कार, असेही म्हणाल्या.

"बन शाबूत आहे ना, गुरुजी?"

"शाबूत आहे."

त्यांनी एवढेच विचारले आणि मी तेवढेच सांगितले. पुन्हा केव्हा याल, हे शब्द जिभेवर आले होते. तेवढ्यात पलीकडून त्यांना कोणी हाक मारली.

हा विधी मी कोणाला शिकवलेला नाही. शिकायला कोणी नाही. मी गेल्यावर तो जाणणारा कोणीच नसेल. मग गावाचा हात बनावर कधीच उठणार नाही, की विचारण्याची गरजच उरली नाही असे समजून तो सहज उठेल, याचा निर्णय मला करता येत नाही. आडव्या चिंचेवर बसून मी यावर पुष्कळ विचार केला आहे. तिचा बुंधा आता बोटाने दाबला तरी दबतो. आतले लाकूड मातीच्या रंगाचे झाले आहे. कुठे लाकूड संपते आणि कुठे माती सुरू होते, हे हाताला ओळखू येत नाही.

जीपवाला रस्त्याने जाताना बनासमोर हॉर्न वाजवतो. मी ओसरीवरून हात वर करतो. झाडांआडून तो त्याला दिसतो की नाही, ठाऊक नाही.

संध्याकाळी तांदळ्यापुढे दिवा लावतो आणि आरती सुरू करतो. त्याच वेळी रस्त्याकडून मंडपातला कर्णा सुरू होतो. त्यांची चाल माझ्याहून जलद आहे. प्रारंभी मी माझ्या चालीत म्हणत राहण्याचा प्रयत्न करी. आता दुसऱ्या कडव्यापासून मी त्यांना जाऊन मिळतो. तेवढ्यापुरते आम्ही सगळे एकत्र असतो. आरती संपली की कर्णा बंद होतो, आणि उरलेली भाकरी घेऊन मी चिंचेकडे जातो.